पहिला लिथोफेन कोरताना

लिथोफेन म्हणजे जाडी कमी-जास्त ठेवून कोरलेलं चित्र, मागून दिवा लावला की दिसणारं. सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरणयंत्रावर) ते कोरताना सुरुवात पांढऱ्या कोरिअनच्या (Corian, किचनच्या ओट्यांना वापरतात ते कृत्रिम दगडासारखं साहित्य) 6 मिमी शीटने करा. पारदर्शक अॅक्रिलिक नको. ते बिटला (कापणाऱ्या पात्याला) वितळून चिकटू शकतं आणि प्रकाश अडवतच नाही.

फोटो ग्रेस्केल करा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा. काळा भाग जाड, पांढरा पातळ. हे उलटं झालं तर दिव्यासमोर निगेटिव्ह दिसेल. जाडी 0.8 ते 3.2 मिमी ठेवा. त्याहून जाड ठेवून काळ्याचा काळेपणा फारसा वाढत नाही, वेळ मात्र जातो.

आता खरी मेख. झेडचा (बिटच्या वर-खाली हालचालीचा) शून्य शीटच्या वरच्या पृष्ठावर घेऊ नका, बेडवर (मशीनच्या टेबलावर) घ्या, तोही डबल टेप लावून झाल्यावर टेपच्या वर. इथे महत्त्व किती खोदलं याला नाही, खाली किती उरलं याला आहे. बेड 0.3 मिमीने जरी कलता असेल, तरी एका बाजूचे चेहरे भगभगीत आणि दुसरीकडचे मळकट दिसतात. म्हणून स्पॉइलबोर्ड (बेडवर बसवलेली बदलता येणारी फळी) आधी त्याच मशीनवर फेस करून, म्हणजे वरून सपाट कापून, घ्या.

रफिंग (आधीचं ढोबळ कोरणं) 3 मिमी एंडमिलने (सपाट टोकाच्या बिटने), 0.4 मिमी माल शिल्लक ठेवून. फिनिशिंगला 0.5 मिमी त्रिज्येचा टेपर्ड बॉलनोज (निमुळता, गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर (दोन शेजारच्या फेऱ्यांमधलं अंतर) 0.1 मिमी. 100 × 150 मिमी चित्रात लांबीच्या दिशेने 1000 फेऱ्या, म्हणजे 150 मीटर कटिंग; मिनिटाला 1500 मिमी फीडला (बिट सरकण्याच्या वेगाला) निदान 100 मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच, कारण झेड सारखा वरखाली होतो.

कोरलेली बाजू घासू नका, बारकावे जातात. धूळ अगदी बारीक असते. व्हॅक्यूम चालू ठेवा, मास्क लावा.