पाळी कोणाची, हे पटावर दिसत नाही

या महिन्याच्या टपालात एकाच खेळाविषयीची पाच पत्रे निघाली, म्हणून हे सदर या वेळी त्या खेळालाच दिले आहे. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा खेळ जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९७ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला आणि त्याचे दिग्दर्शन यासुमी मात्सुनो यांनी केले. इव्हॅलिस नावाच्या कल्पित राज्यात, पन्नास वर्षांच्या युद्धाने खंगलेल्या देशात, गादीसाठी दोन ड्यूकांमध्ये यादवी पेटते आणि तिच्यात रामझा हा एका उमराव घराण्यातला धाकटा मुलगा ओढला जातो. या कथेमागे पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या लढायांची सावली स्पष्ट दिसते. लढाई मात्र चौकटींच्या उंचसखल पटावर, पाळीपाळीने होते. खेळातील नावे पुढे ‘वॉर ऑफ द लायन्स’ या आवृत्तीप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न: या खेळाच्या अनेक आवृत्त्या दिसतात. नवशिक्याने कोणती घ्यावी? आणि सुरुवातीलाच जन्मतारीख कशासाठी विचारतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर: मूळ खेळानंतर २००७ मध्ये पीएसपी या हातात धरायच्या कन्सोलसाठी ‘वॉर ऑफ द लायन्स’ आली, २०११ मध्ये ती आयफोनवर आणि पुढे अँड्रॉइडवर पोहोचली. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ‘द इव्हॅलिस क्रॉनिकल्स’ ही नवी आवृत्ती संगणक आणि सध्याच्या कन्सोलांवर प्रसिद्ध झाली. फोनशिवाय दुसरे साधन नसेल तर प्रश्नच उरत नाही. फक्त ‘वॉर ऑफ द लायन्स’मधील इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाचे केलेले आहे, हे मनात धरून चालावे. संगणक किंवा कन्सोल असेल तर २०२५ ची आवृत्ती घ्यावी, कारण तिच्या सुधारित रूपात काठिण्याच्या तीन पातळ्या आहेत आणि पहिल्या पातळीवर खेळण्यात कमीपणा मुळीच नाही.

जन्मतारखेवरून रामझाची रास ठरते आणि कोणत्या राशीचे कोणाशी जुळते यावर वार व मंत्र यांचा परिणाम थोडा वाढतो किंवा घटतो. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, पण पहिल्या खेपेस त्याच्या मागे लागू नये. स्वतःची खरी तारीख टाकावी आणि पुढे जावे.

प्रश्न: मी चाळीस वर्षे बुद्धिबळ खेळतो. नातवाने फोनवर हा खेळ घालून दिला. पहिल्या काही लढाया जिंकल्या, पण डोर्टर या गावातील लढाईत चार वेळा हरलो. छपरांवरून बाण येतात, माझे मंत्र रिकाम्या जागी पडतात, आणि शत्रू माझ्यापेक्षा जास्त वेळा खेळतो असे वाटते. संगणक लबाडी करतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: बुद्धिबळाच्या सांगलीहून असाच प्रश्न यायचा. संगणक लबाडी करत नाही. अडचण अशी आहे की बुद्धिबळात पांढऱ्यानंतर काळा, काळ्यानंतर पांढरा, हा क्रम कधी मोडत नाही आणि म्हणून त्याचा विचारही करावा लागत नाही. या खेळात तो क्रम अस्तित्वातच नाही. प्रत्येक मोहऱ्याचे स्वतःचे घड्याळ आहे. दर क्षणाला त्याच्या वेगाचा आकडा त्याच्या खात्यात जमा होतो आणि बेरीज १०० झाली की त्याची पाळी येते. वेग ६ असलेल्याला १७ क्षण लागतात, ८ असलेल्याला १३ आणि १० असलेल्याला १०. लढाई लांबली की वेगवान शत्रू तुमच्या मंद शिलेदारापेक्षा एखादी पाळी जास्त घेतो, हे तुमचे निरीक्षण बरोबरच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाळी आल्यावर तुम्ही हललात आणि कृतीही केलीत, तर खात्यातून १०० वजा होतात. दोहोंपैकी एकच केलेत तर ८० वजा होतात आणि काहीच न करता थांबलात तर ६०. म्हणजे वेग ६ असलेला शिलेदार १०२ वर पोहोचून चालला आणि लढला, तर त्याची पुढची पाळी १७ क्षणांनी येते. केवळ चालला किंवा केवळ लढला तर १३ क्षणांनी. स्वस्थ उभा राहिला तर १० क्षणांनी. बुद्धिबळात चाल सोडून देण्याची मुभा नाही, आणि ती नसल्यामुळे काय पंचाईत होते हे आपण शेवटच्या डावात अनुभवलेच असेल. इथे ती मुभा आहे, शिवाय तिचा मोबदलाही मिळतो.

आता डोर्टर. तिथे वर धनुर्धारी आहेत, सोबत काळी जादू करणारे आहेत, आणि उंचीमुळे बाण अधिक लांब जातो. नवशिका घाबरून खाली, लांब उभा राहतो आणि एकेक माणूस गमावतो. वास्तविक धनुष्य जवळच्या घरांवर चालतच नाही. बाणासाठी किमान तीन घरांचे अंतर लागते. म्हणून पाचही जणांनी एकत्र एकाच बाजूने चढून जवळच्या धनुर्धाऱ्याला भिडावे, तो संपला की त्याच्या छपरावरून पुढच्याचा विचार करावा. वार शक्यतो पाठीमागून करावा. समोरून आलेला वार अंगचपळाईने, ढालीने आणि अंगावरच्या वस्तूंच्या गुणाने चुकवता येतो; बाजूने आलेल्या वारापुढे अंगचपळाई गळते आणि पाठीमागून आलेल्या वारापुढे ढालही. पाळी संपवताना आपले तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे हे खेळ विचारतो, ते याचसाठी. घाईघाईने तो प्रश्न उडवून लावू नये.

मंत्र रिकाम्या जागी पडतात त्याचे कारण पुन्हा घड्याळच. सर्वांत साधा ‘फायर’ मंत्रही उच्चारल्यापासून ४ क्षणांनी पडतो आणि मोठे मंत्र आणखी वेळ घेतात. मंत्र घराला लावायचा की माणसाला, हे खेळ विचारतो. घराला लावलात आणि मधल्या वेळात शत्रूची पाळी आली, तर तो निघून जातो. माणसाला लावलात तर मंत्र त्याच्यामागे जातो, पण तो तुमच्याच माणसांत येऊन उभा राहिला तर सगळे मिळून होरपळतात. म्हणून मंत्र सोडण्यापूर्वी पाळ्यांची यादी उघडून पाहावी. आर्चरच्या, म्हणजे धनुर्धाऱ्याच्या, ‘एम’ या कौशल्याचेही असेच आहे: नेम जितका जास्त वेळ धरावा तितका वार मोठा, पण तोवर सावज जागेवर राहायला हवे.

प्रश्न: मी पाचही जणांना नाइट केले आणि त्यांची पातळी भरपूर वाढवली. तरीही नीट प्रगती होत नाही, आणि वाटेतल्या लढायांमधले राक्षसही कठीण होत चालले आहेत. (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: वाटेत अचानक होणाऱ्या लढायांतील शत्रू तुमच्या पातळीप्रमाणे वाढतात, त्यामुळे केवळ पातळीच्या मागे धावणे म्हणजे आपल्याच सावलीशी शर्यत. शिलेदाराच्या पेशाला, उदाहरणार्थ नाइट, खेळात जॉब म्हणतात. खरी कमाई जॉब पॉइंटांची, म्हणजे जेपीची. त्यांतून कौशल्ये विकत घेता येतात आणि एकदा शिकलेले कौशल्य दुसऱ्या जॉबमध्ये गेल्यावरही वापरता येते. प्रत्येक शिलेदाराला चालू जॉबच्या कौशल्यांखेरीज दुसऱ्या एका जॉबची कौशल्ये, एक प्रतिक्रिया, एक आधार आणि एक हालचालीचे कौशल्य लावता येते. पाच नाइटांची तुकडी म्हणजे या जागांपैकी बहुतेक रिकाम्या ठेवणे.

सुरुवात स्क्वायर या पहिल्या जॉबपासून करावी आणि प्रत्येकाला आधी ‘जेपी बूस्ट’ शिकवावे, कारण त्यानंतरची सगळी कमाई दीडपट होते. सवड मिळताच स्क्वायरचेच ‘मूव्हमेंट + १’ घ्यावे. एकाने केमिस्ट व्हावे आणि बराच काळ केमिस्टच राहावे. नवशिके या जॉबला औषधवाला म्हणून हसतात, पण पहिल्या प्रकरणात त्याच्याइतका भरवशाचा माणूस नाही: व्हाइट मेज या बरे करणाऱ्या मांत्रिकाचा मंत्र वेळ घेतो आणि ‘श्रद्धा’ या गुणाच्या आकड्यावर अवलंबून राहतो, केमिस्टची बाटली मात्र तत्काळ, लांबून आणि हमखास पोहोचते. एक खाचखळगा सांगून ठेवतो. दुकानातून औषध विकत घेणे पुरत नाही. ते वापरण्याचे कौशल्यही केमिस्टने जेपी खर्चून शिकावे लागते. त्याचे ‘ऑटो-पोशन’ इतरांनाही शिकवावे. मार बसला की औषध आपोआप घेतले जाते, आणि ते घडण्याची शक्यता शिलेदाराच्या ‘धैर्य’ या गुणाच्या आकड्याइतकी असते: धैर्य ७० असेल तर शंभरात सत्तर वेळा.

नाइटपासून पुढे मंक उघडतो, तो घ्याच. हत्याराचा खर्च नाही, आणि त्याचे ‘चक्र’ हे कौशल्य स्वतःसकट शेजारच्यांची प्रकृती क्षणाचीही वाट न पाहता सुधारते. एक माणूस एखाद्या जॉबमध्ये कृती करतो तेव्हा त्याच्या कमाईचा चौथा हिस्सा सोबत्यांनाही त्याच जॉबखाती मिळतो, म्हणून तुकडीत निरनिराळे जॉब ठेवण्यात सर्वांचा लाभ आहे. आपल्याच सोबत्यांना दगड मारत जेपी जमवण्याची पद्धत काही खेळाडू सांगतात. ती चालते, पण त्यात सुटीची दुपार घालवावी असे मला वाटत नाही.

प्रश्न: माझ्या मुलीने स्वतःचे नाव दिलेली शिलेदार लढाईत पडली, तिच्या डोक्यावर आकडे दिसू लागले आणि नंतर तिचा स्फटिक झाला. आता ती यादीतही नाही. परत आणता येईल का? (एक वाचक, वसई)

उत्तर: दुर्दैवाने नाही, आधी जतन केलेला खेळ असेल तर तेथूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल. डोक्यावरचा आकडा ३ पासून उतरतो आणि तो पडलेल्याचीच पाळी जेव्हा जेव्हा आली असती तेव्हा तेव्हा एकाने घटतो, म्हणजे वेगवान माणसाची मुदत लवकर संपते. तेवढ्यात ‘फिनिक्स डाउन’ या वस्तूने उठवावे, अथवा लढाईच संपवावी, लढाई संपताना मुदत शिल्लक असेल तर माणूस वाचतो. काही लढायांत सर्वांना मारावे लागत नाही, एक ठरावीक सरदार पडला की पुरते, म्हणून सुरुवातीला पडद्यावर येणारी अट वाचून घ्यावी. रामझाचीच मुदत संपली तर खेळ तिथेच संपतो. मुलीला नव्या शिलेदाराला तेच नाव देऊ द्यावे. ‘वॉरियर्स गिल्ड’मध्ये भरती होते आणि नाव बदलता येते.

प्रश्न: ‘वॉर ऑफ द लायन्स’मध्ये तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, रिओव्हेन्स किल्ल्यात, अडकलो आहे. बाहेर पडता येत नाही आणि रामझा एकटाच मारला जातो. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: या किल्ल्याने अनेकांचे तीस-चाळीस तासांचे श्रम पाण्यात घालवले आहेत. वेशीवरची, आतली आणि छपरावरची अशा तीन लढाया लागोपाठ येतात. मध्ये खेळ जतन करायची सोय दिली जाते, पण नकाशावर परतता येत नाही. आपण एकाच जागी जतन करत आला असाल, तर जुनी जागा पुसली गेली. ज्या वाचकांनी हा किल्ला अजून पाहिलेला नाही त्यांनी आत शिरण्यापूर्वी वेगळ्या जागी जतन करावे आणि आत गेल्यावर त्या जागेला हात लावू नये.

आपण मात्र आत आहात, म्हणून आहे त्यावर भागवू. दुसऱ्या लढाईत रामझाला वीग्राफ या शत्रूशी आरंभी एकट्याने झुंजावे लागते, आणि तो पडला की बेलियास हे त्याचे राक्षसी रूप उभे राहते. तेव्हा कुठे सोबती येतात. रामझाला स्क्वायर ठेवावे, निदान स्क्वायरची कौशल्ये दुय्यम म्हणून लावावीत, प्रतिक्रियेच्या जागी ‘ऑटो-पोशन’ असेल तर ते लावावे. मग वार करण्याचा मोह टाळून ‘टेलविंड’ स्वतःवर पुन्हा पुन्हा वापरावे. दर वापराला वेग एकने वाढतो. सुरुवातीच्या चार-पाच पाळ्या अंगावर वार झेलत, प्रकृती सांभाळत, मागे सरत काढाव्या लागतील आणि आपण काहीच करत नाही असे वाटेल. पण वेग दुप्पट झाला की वीग्राफच्या एका पाळीत रामझाच्या दोन होतात, आणि तेव्हा एका पाळीत औषध व दुसरीत वार असा हिशेब जमतो.

तिसऱ्या लढाईत, छपरावर, राफा ही मुलगी एक सरदार आणि त्याच्या दोन मारेकरणी यांच्या तोंडावर जाऊन उभी राहते आणि ती मेली तर हार होते. कधी कधी आपली पहिली पाळी येण्यापूर्वीच हे घडते. त्यात आपली चूक नसते, पुन्हा लावावे. तिथे जड चिलखते उतरवून वेग वाढवणाऱ्या वस्तू आपल्याकडे असतील तर त्या घालाव्यात आणि पाचही जणांनी एकाच मारेकरणीवर तुटून पडावे. ती निम्म्याहून बरीच खाली, मरणपंथाला लागण्याइतकी घायाळ झाली की ते तिघेही माघार घेतात, तिला ठार करण्याची गरज नाही.