होमस्कूलिंगचं पहिलं वर्ष संपलं, गणिताचं पुस्तक निम्मंच झालं. आढावा कसा घ्यावा आणि पुढचं वर्ष कसं आखावं?

तुमचा मुलगा ९ वर्षांचा. गणित निम्म्यावर थांबलं, विज्ञान जेमतेम झालं, आणि हे वर्ष वाया गेलं की काय या विचाराने तुम्हाला झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा ८ वर्षांचा. आमचं घरच्या शिक्षणाचं चौथं वर्ष नुकतंच संपलं, आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी मी अगदी तुमच्याच जागी होते.

तेव्हा मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. मी झालेले धडे मोजले. ४२ पैकी २६ झाले होते. उरलेले १६ पुढच्या वर्षाच्या डोक्यावर ठेवले आणि त्याच्यावर नवीन पुस्तक. ते दुसरं वर्ष आमचं सगळ्यात वाईट वर्ष ठरलं. पहिल्या दिवसापासून मुलगी "मागे" होती. कोणाच्या मागे, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण ती धास्ती माझ्या आवाजात उतरली होती आणि ती तिला रोज ऐकू येत होती.

म्हणून किती झालं हा प्रश्न आढाव्यात सगळ्यात शेवटी घ्या. आधी मुलाच्या वर्षभराच्या वह्या काढा, निवांत बसा आणि त्यातली फक्त खाडाखोड वाचा. बरोबर आलेली पानं सोडून द्या. चुकलेलं, खोडलेलं, अर्धवट टाकलेलं तेवढंच बघा.

माझ्या मुलीच्या वहीत मला हे सापडलं: १/२ + १/३ = २/५. वर वरच्यांची बेरीज, खाली खालच्यांची. एकदा नाही, तीन आठवडे. आणि त्या तिन्ही आठवड्यांत मी तिला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते: आधी छेद समान कर. ती करायची, दुसऱ्या दिवशी विसरायची, मी चिडायचे. वर्ष संपल्यावर शांतपणे तीच पानं उलटताना दिसलं की त्याआधीच्या पानांवर कागदाच्या पट्ट्या रंगवताना तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. मी तिला बोलावून विचारलं, "२/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" ती लगेच म्हणाली, "कमी." मग मी विचारलं, "अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर ते अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?" ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग पेन्सिल घेऊन तिने स्वतःच पट्ट्या काढायला सुरुवात केली.

तिला अपूर्णांक येत होते. पट्ट्या आणि वहीतले आकडे ही एकच गोष्ट आहे, एवढंच तिला कोणी दाखवलं नव्हतं. म्हणजे मी दाखवलं नव्हतं. त्यामुळे पुढच्या वर्षाच्या आखणीत मी "अपूर्णांक पूर्ण करणे" असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "कुठलंही उत्तर काढायच्या आधी, ते साधारण केवढं येईल याचा अंदाज तोंडी सांगणे." वर्षभर, प्रत्येक उदाहरणाला. एवढ्या एका ओळीने गणिताच्या तासाचा सूर बदलला.

धाकट्याचं वेगळं होतं. तो गोष्ट सांगायला बसला की थांबायचा नाही, पण लिहायला सांगितलं की तीन ओळी, त्याही रडत. आम्ही ही दोन कामं वेगळी केली. तो सांगतो, मी लिहून घेते, आणि त्यातल्या त्याला आवडलेल्या चार ओळी तो सुवाच्य अक्षरात उतरवतो. आता चार महिन्यांनी तो आपणहून आठ ओळी लिहितो.

उजळणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पहिल्या वर्षी हीच गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते. शिकवलं, आलं, पुढे गेलो. दोन महिन्यांनी बघावं तर पाटी कोरी. यात मुलाचा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर पुसलं जातं आणि मग तो वेग मंदावतो. आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी कमी कष्टात टिकते. दुसरा प्रयोग रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने त्याच्या कितीतरी आधी मुलांना हेच करायला लावलं होतं: एकदाच वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. आमच्याकडे इतिहास आणि विज्ञान आता पूर्णपणे असंच चालतं. गणितात रोजची पहिली दहा मिनिटं जुन्या गोष्टींची: एक उदाहरण कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक गेल्या महिन्यातलं. यासाठी आखणीतच जागा ठेवा, "वेळ उरला तर" म्हणून नको. वेळ कधीच उरत नाही.

आढाव्याचा अर्धा भाग मुलाकडून येतो. पण "कसं वाटलं वर्ष?" असं विचारलंत तर "छान" एवढंच उत्तर मिळेल. मी विचारते: कुठल्या दिवशी वेळ कसा गेला ते कळलंच नाही? माझं काय बघितलं की तुला अभ्यासाला बसावंसं वाटत नाही? दोन वर्षांपूर्वी या दुसऱ्या प्रश्नावर मुलगी म्हणाली, "आई, तू मला जे विचारतेस ते तुला आधीच येत असतं." त्या वाक्याने मी हलले. खरंच होतं ते. दिवसभर मी तिची परीक्षाच घेत होते. मग डायरी चाळली तर दिसलं, की त्या वर्षीच्या शेवटच्या महिन्यांत तिने मला एकही प्रश्न विचारल्याची नोंद नव्हती. आधीच्या वर्षी पानोपानी होते.

तेव्हापासून दर वर्षी एक विषय असा घेतो, जो मलाही येत नाही. पहिला होता चंद्र. शुक्ल पक्षात तो मावळायची वेळ लिहायची, पौर्णिमेनंतर उगवायची. ढग आले की रकाना रिकामा. तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, पण नेमका तेवढाच नाही. कधी कमी, कधी जास्त. का, हे दोघींनाही माहीत नव्हतं. त्या एका तक्त्यातून सरासरी आली, वेळेची वजाबाकी आली, आलेख आला, आणि तिचे प्रश्न परत आले. विज्ञान जेमतेम झालं म्हणून तुम्ही खंतावताय, तर पुढच्या वर्षी पुस्तकातली दोन प्रकरणं कमी घ्या, पण असं एक निरीक्षण महिनाभर नेटाने करा.

वेळापत्रकाचं थोडक्यात. गेल्या वर्षी खरे किती दिवस अभ्यास झाला ते मोजा आणि पुढचं वर्ष तेवढ्याच दिवसांचं आखा. आमची आखणी १८० दिवसांची असायची, प्रत्यक्षात १४० च्या आसपास व्हायचे. आजारपण, पाहुणे, माझं काम. आता १४० चंच आखते, आणि दर सातवा आठवडा कोरा ठेवते. गणित आणि वाचन रोज. बाकीचे विषय वारांना बांधलेले नाहीत, एका यादीत एकाखाली एक आहेत. आज जिथे थांबलो तिथून उद्या पुढे. आधी भूगोल शुक्रवारी असायचा आणि शुक्रवारच बुडायचे, म्हणून भूगोल वर्षभर उपाशी राहिला. बारकावे फक्त सहा आठवड्यांपुरते लिहिते, पुढचं नंतर. आणि प्रत्येक विषयातली दोन-तीन कामं तारीख घालून वेगळ्या फायलीत ठेवते. उद्या शाळेत घालायचं ठरलं किंवा कोणी नोंदी मागितल्या तर ती फाइल उपयोगी पडते. आपल्याला स्वतःला धीर हवा असतो तेव्हा तर फारच.

आता राहिलेलं निम्मं पुस्तक. त्यातली प्रकरणं चाळा आणि एकच विचारा: पुढचं काय याच्यावर उभं आहे? स्थानिक किंमत, गुणाकार-भागाकाराचा अर्थ, अपूर्णांक हे सुटून चालणार नाहीत, मग त्यांना तीन महिने लागले तरी लागू देत. रोमन अंक, एखाद्या प्रकारचे आलेख, तेच ते शाब्दिक उदाहरणांचे संच यांच्यावाचून पुढचं काही अडत नाही. ते निःशंकपणे सोडा. आणि नवीन वर्ष पुस्तक जिथे थांबलं तिथून सुरू करू नका. तिथेच तो अडला होता, ते पान त्याच्या लक्षात असणार. दोन प्रकरणं मागे जा, जे त्याला चांगलं येतं तिथून सुरुवात करा आणि पहिले आठ-दहा दिवस त्यालाच तुम्हाला शिकवू द्या.