घरच्या संगणकावर लढाऊ विमानांचे हुबेहूब सिम्युलेटर चालवण्यात लोकांना एवढे काय आवडते?

केवळ गोळीबार हवा असेल, तर सोपे खेळ पुष्कळ आहेत. इथली गोडी विमान समजून घेण्यात आहे. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमधील मिग-२१ बिस, म्हणजे भारतीय हवाई दलाने २०२५ मध्ये निरोप दिलेल्या मिग-२१ विमानाचीच एक आवृत्ती, स्वतःच्या हाताने सुरू करायचे, तर बॅटरीपासून एकेक स्विच क्रमाने लावावा लागतो, आणि उतरताना थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) घाईने मागे ओढला, तर पंखांमागच्या फ्लॅपवरून (खाली झुकणाऱ्या झडपांवरून) फुंकली जाणारी इंजिनाची हवा कमी होते, पंखांची उचल घटते आणि ते धाडकन खाली आदळते. घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीतील एक काका जेवणाच्या टेबलाला जॉयस्टिक आवळून रोज याच लँडिंगचा सराव करतात (काकूंचे मत वेगळे आहे). शेकडो पानांच्या पुस्तिका वाचण्याचा ज्याला कंटाळा असेल, त्याने मात्र या फंदात पडू नये.