अ‍ॅसिडचं काम घरी करता, तं आधी पाण्याचं बघा

भाऊ, पोस्ट वाचली तुमची. घरामागच्या टिनाच्या शेडात बॅटरी रिपेरिंग चालू केलं, हातावर अ‍ॅसिड उडालं, आता गॉगल कोणता घेऊ आन् डोळ्यासाठी सोड्याचं पाणी करून ठेवू का, असं विचारलं. आमचंही हेच काम आहे, ट्रॅक्टर आन् इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, म्हणून लिहून राहिलो. मी डॉक्टर नाही, अनुभवाचं तेवढं सांगतो.

सोड्याचं पाणी डोळ्यात बिलकुल नको. साधं पाणी, आन् भरपूर. मोटरच्या भरवशावर राहू नका, लाइन नेमकी तेव्हाच गेलेली असते. मिनिटाला दीड लिटरची धार धरली तरी 15 मिनिटाला 22-23 लिटर लागते, म्हणजे 20 लिटरचा एक जार पुरत नाही. तोटीवाले दोन ठेवा, टेबलावर, सावलीत. सावलीत काहून, तं मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते, स्लॅबवरच्या काळ्या टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही, ते डोळ्यात काय घालता? पाणी बदलत राहा.

भाच्याच्या डोळ्यात उडालं तेव्हा घरी थोडं धुऊन तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. पोट्टा डोळा धरून बसला आन् खिडकीवरचा म्हणते आधी केसपेपर काढा, मग आधार कार्ड, मग ही पोलीस केस होते का यावर त्यांची आपसातच चर्चा, बॅटरीचं आहे म्हणून सांगून सांगून मी थकलो. समोर बेसिन, नळाला पाणी, पण डॉक्टर आल्याशिवाय हात लावत नाही म्हणे! पाण्याले काय प्रिस्क्रिप्शन लागते का राजेहो? नजर वाचली, बुबुळावर डाग राहिला तो राहिलाच.

तवापासून माझं मत पक्कं आहे, कोणाला पटो न पटो. घरीच 15-20 मिनिटं पूर्ण धुवा, पापण्या बोटानं उघड्या धरून, खराब डोळा खालच्या बाजूला ठेवून, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. धुणं चालू असतानाच दुसऱ्यानं 108 लावायचा. दवाखान्यात केसपेपरच्या लाइनीत एक जण उभा राहील, दुसरा पेशंटला घेऊन सरळ बेसिनवर, कोणी ओरडलं तं ओरडू द्या.

अ‍ॅसिड विकताना ओळखपत्र बघा, नोंद ठेवा, असं सुप्रीम कोर्टानं 2013 सालीच सांगितलं, तरी कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून देणारे आहेतच. तशी बाटली घरात आणूच नका, लेकरं पिऊन टाकतात. लेबलवालाच कॅन घ्या आन् लेबलचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डॉक्टर पहिले तेच विचारते.

वहिनी त्याच शेडात साबण करतात म्हणता, तं साबणात पडते त्या कॉस्टिक सोड्याला अ‍ॅसिडपेक्षा जास्त भ्या. ते डोळ्यात आत आत शिरत जाते, सुरुवातीला जळजळ कमी वाटली तरी. धुणं तेच, फक्त अजून जास्त वेळ.

गॉगल चारी बाजूनं बंद असलेला घ्या, वाचायचा चष्मा चालत नाही. आन् चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ बिडी नको, त्यातून हायड्रोजन निघते, ठिणगी पडली की डबा फुटून अ‍ॅसिड थेट तोंडावरच येते.