बारावीला गणितात ६१ मार्क आहेत, स्टॅट्समध्ये एमएस्सी-पीएचडी झेपेल का?

एफवायला आहेस, स्टॅट्स म्हणजे संख्याशास्त्र घेतलंय, बारावीला गणितात ६१ पडलेत आणि पुढे एमएस्सी, जमलं तर पीएचडी करायचीय, तर हे झेपेल का आणि आत्तापासून काय करू असं विचारलंयस. मी सातारा जिल्ह्यातली, बीएस्सी तिकडेच केलं, एमएस्सी आणि पीएचडी पुण्यात, आणि आता ९ वर्षं झाली कॉलेजात शिकवतेय, त्यामुळे बाकाच्या दोन्ही बाजूंनी हे पाहिलंय. झेपेल. ६१ चं टेन्शन घेऊ नकोस, घ्यायचंच तर एमएस्सीच्या पहिल्या सेमचं घे, का ते सांगते.

एफवायला हा विषय फार सोपा वाटतो. सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, यातलं बरंचसं शाळेतच झालेलं असतं, मग कॅल्क्युलेटर घ्यायचा, टेबल भरायचं, उत्तर काढायचं, मार्क पण चांगले पडतात आणि सवय बिघडते ती इथेच. मी शिकले तिथे प्रॅक्टिकल म्हणजे सीनियरचं जर्नल आणून उतरवून काढणं, आकडे सुद्धा वर्षानुवर्षं तेच. मी एकदा विचारलं होतं की सर, व्हेरिअन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) काढताना एन ने, म्हणजे जितके आकडे तितक्याने, न भागता एन वजा एक ने का भागतो, तर सर म्हणाले सूत्र आहे, लिहून घ्या. मी लिहून घेतलं आणि पुढची तीन-चार वर्षं तसंच वापरलं. त्याची मला अजून चुटपुट लागते कारण त्या एका प्रश्नात अर्धा विषय आहे.

हे बघ, ३, ५, ६, १० असे चार आकडे घे. सरासरी ६. प्रत्येकातून ६ वजा केले की वजा ३, वजा १, ० आणि ४. यांची बेरीज शून्य, आणि आकडे कुठलेही घेतलेस तरी ती शून्यच येणार. म्हणजे पहिले तीन फरक सांगितले की चौथा आपोआप ठरला, त्याच्याकडे स्वतःचं नवीन सांगण्यासारखं काही उरलंच नाही. आता या फरकांच्या वर्गांची बेरीज २६, तिला ४ ने भागलं तर ६.५, ३ ने भागलं तर ८.६७. सरासरी आपण याच आकड्यांतून काढली, ती त्यांच्या मधोमध जाऊन बसणार, त्यामुळे हे फरक खऱ्या सरासरीपासूनच्या फरकांपेक्षा लहान दिसतात आणि ३ ने भागलं की ती तूट सरासरीने बरोबर भरून निघते.

एफवायला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. एसवायला हेच डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणून टी आणि काय-स्क्वेअर या चाचण्यांच्या टेबलात भेटतं, टीवायला अनबायस्ड एस्टिमेटर (सरासरीने खऱ्या उत्तरावर येणारा अंदाज) म्हणून सिद्ध करायला येतं, आणि एमएस्सीला लिनिअर मॉडेल्स शिकताना दिसतं की चार आकडे म्हणजे चार मितींतला एक व्हेक्टर, (१, १, १, १) या दिशेवर त्याची जी सावली पडते ती सरासरी, आणि उरलेला भाग त्या दिशेशी काटकोनात, तीन मितींच्या जागेत. तोच तो ३. मला हे कळलं त्या संध्याकाळी मी हॉस्टेलवर रूममेटला कागदावर काढून दाखवलं, ती बॉटनीची होती तरी तिला पटलं.

आता एमएस्सीचं. बीएस्सीला ८५-९० टक्के असलेली मुलं पहिल्या सेमला रियल अनॅलिसिसमध्ये (लिमिट वगैरे काटेकोर सिद्धतांनी शिकवणारा गणिताचा पेपर) अडकतात, हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण पोरं हुशार असतात, फक्त तीन वर्षांत त्यांनी एकही सिद्धता स्वतःच्या हाताने लिहिलेली नसते. तोवर प्रोबॅबिलिटी म्हणजे नाणी आणि फासे, आणि मग एकदम सिग्मा-फील्ड, मेजर, ऑलमोस्ट शुअर कन्व्हर्जन्स. मुलं विचारतात मॅडम याचा डेटाशी काय संबंध? संबंध आहे. सँपल मोठं केलं की सँपलची सरासरी खऱ्या सरासरीकडे जाते असं टीवायपर्यंत आपण बिनधास्त म्हणतो, पण जाते म्हणजे नक्की काय आणि कधी जात नाही हे इथे ठरतं. कॉशी डिस्ट्रिब्यूशनमधून (यात मधूनच प्रचंड मोठे आकडे येतात) १००० आकडे घेऊन सरासरी काढ, ती एका आकड्याइतकीच बेभरवशाची असते, कारण १००० च्या सरासरीचं डिस्ट्रिब्यूशन एका आकड्याच्या डिस्ट्रिब्यूशनसारखंच असतं. आर हे स्टॅट्सचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉपवर टाक आणि हे चार-पाचदा करून बघ, सरासरी एका जागी ठरतच नाही हे दिसेल.

आणि पीएचडीपर्यंत गेलीस तरी सरासरी पाठ सोडत नाही. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दाखवलं की नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या (घंटेच्या आकाराच्या) तीन किंवा जास्त सरासऱ्या एकदम काढायच्या असतील तर प्रत्येकाची आपापली सँपल सरासरी घेण्यापेक्षा एकूण वर्ग-चूक (चुकांच्या वर्गांची बेरीज) सरासरीने नेहमीच कमी ठेवणारी पद्धत असते. एक-दोनला असं होत नाही, तीनपासून होतं. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

वर्गात प्रश्न विचारायला भीती वाटते असंही तू लिहिलंयस, त्यावर हे वाच. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव कलकत्त्यात एमएच्या मुलांना एस्टिमेशन (सँपलवरून अंदाज काढणं) शिकवत होते, वय जेमतेम २४, फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा एक रिझल्ट सांगत होते जो मोठ्या सँपलपुरता होता. एका विद्यार्थ्याने विचारलं, लहान सँपलसाठी हे सिद्ध करता येईल का? राव घरी गेले, रात्री बसून सिद्धता केली, १९४५ मध्ये तो पेपर छापून आला आणि टीवायला तू जी क्रॅमर-राव इनइक्वॅलिटी (अनबायस्ड अंदाजाचा व्हेरिअन्स कितीच्या खाली जाऊ शकत नाही हे सांगणारी) शिकशील ती त्यातलीच. प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून नावाजलेले, मूळचे साताऱ्याचे. मी हे पहिल्या लेक्चरला दर बॅचला सांगते. तुझ्या प्रश्नाला कोणी सूत्र आहे म्हणून गप्प केलं तर दुसऱ्या कोणाला तरी विचार, पण सोडू नकोस.

करायचं काय तर लिनिअर अल्जिब्रा (व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित) आत्ताच सुरू कर, सिलॅबसला येईपर्यंत थांबू नकोस, आणि कॉलेजात मॅथ्सचा अनॅलिसिसचा पेपर घेता येत असेल तर मार्क कमी पडतील म्हणून टाळू नकोस. रोज एक सिद्धता, पुस्तक मिटून. जॅम या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर आणि आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एन्ट्रन्स यांचे जुने पेपर एसवायच्या सुट्टीत चाळ, म्हणजे पाणी किती खोल आहे कळेल. क्लास लावायची गरज नाही.

आणि एकदा तरी डेटा स्वतः गोळा कर. तुझं गाव शेतीचं आहे म्हणालीस, तर पीक कापणी प्रयोग (छोटा प्लॉट कापून उत्पादनाचा अंदाज काढतात तो) असेल तेव्हा कृषी खात्याच्या लोकांबरोबर जा. रँडम नंबर बघून शेताच्या कोपऱ्यापासून पावलं मोजतात, पडेल तिथे प्लॉट आखतात, पीक चांगलं दिसतं म्हणून जागा बदलायची नसते. शेतकरी म्हणतो साहेब इकडचं घ्या, आणि ते घेता येत नाही. बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे, आपल्याच सातारा जिल्ह्यातले, त्यांचं मोठं काम या सँपलिंगमधलंच. सँपलिंगचा पेपर तुला टीवायला येईल, त्याच्या आधी एक खरीप तरी ते डोळ्यांनी बघून ये.

दिवाळीच्या सुट्टीत आधी ते चार आकडे घेऊन बस. नाही जमलं तर केलंय तेवढं इथेच कमेंटमध्ये टाक, मी बघते.