सीडीके ४/६ रोखून शरीर चालतं कसं, आणि पांढऱ्या पेशी का उतरतात?

तुमच्या मावशींना स्तनाच्या कर्करोगासाठी लेट्रोझोलबरोबर पाल्बोसिक्लिब सुरू आहे. पहिल्याच महिन्यानंतर पांढऱ्या पेशी २,४०० वर आल्या, म्हणून डॉक्टरांनी पुढचा कोर्स आठवडाभर पुढे ढकलला. तुमचे प्रश्न दोन: पाल्बोसिक्लिब ज्याला रोखतं ते सीडीके ४/६ हे एन्झाइम निरोगी पेशींतही असतं, तर ते रोखून माणूस जगतो कसा? आणि या आठवड्यात आजार उसळी तर मारणार नाही ना? मी पेशीजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे निर्णय मावशींच्या डॉक्टरांचेच. पण आत काय चाललंय ते कळलं की बरीच धास्ती कमी होते.

सीडीके म्हणजे सायक्लिन या प्रथिनावर अवलंबून असणारं कायनेज, आणि कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. विभागण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. तिने ऊठसूट तसं करू नये म्हणून आरबी नावाचं प्रथिन ब्रेक लावून बसलेलं असतं. नकलेसाठी लागणारी जनुकं चालू करणारं ई२एफ हे प्रथिन ते धरून ठेवतं. वाढीचा संदेश आला की सायक्लिन डी तयार होतं, ते सीडीके ४ किंवा ६ ला जाऊन जुळतं आणि ही जोडी आरबीला फॉस्फेट लावत सुटते. आरबीची पकड ढिली पडते, ई२एफ मोकळं होतं आणि पेशी पुढे सरकते. सायक्लिन नसेल तर सीडीके नुसतं पडून असतं.

सायक्लिन सापडल्याची हकीकत मी दरवर्षी वर्गात सांगतो. १९८२ साली टिम हंट अमेरिकेत वुड्स होल इथे समुद्री अर्चिनच्या फलित अंड्यांवर काम करत होते. नवी बनणारी प्रथिनं दिसावीत म्हणून किरणोत्सारी अमिनो आम्ल घालायचं, थोड्या थोड्या वेळाने नमुना काढायचा आणि जेलवर पट्टे बघायचे. बहुतेक पट्टे गडद होत गेले. एक मात्र गडद व्हायचा, अंडं विभागायच्या सुमारास विरून जायचा आणि पुन्हा उमटायचा. तेच सायक्लिन. सायक्लिन डी हे त्याच कुळातलं, नंतर सापडलेलं. या शोधासाठी हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत.

आता तुमचा पहिला प्रश्न. उंदरांमध्ये एकेक सीडीके काढून बघितलंय. सीडीके ४ नसलेले उंदीर जगतात, पण अंगाने लहान राहतात आणि त्यांना मधुमेह होतो, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी पुरेशा वाढत नाहीत. सीडीके ६ काढलं तर रक्तपेशी थोड्या घटतात. दोन्ही काढली तर पिल्लं गर्भातच, शेवटच्या टप्प्यात, तीव्र रक्तक्षयाने दगावतात. पण तोवर त्यांचे बहुतेक अवयव तयार झालेले असतात. म्हणजे बऱ्याच पेशी सीडीके २ वगैरे इतरांवर भागवून नेतात. हाडांच्या मज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशींचं मात्र ४ आणि ६ वाचून अडतं. मावशींच्या रिपोर्टचं उत्तर इथेच आहे.

मावशींसारख्या, इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठीचंही त्यांच्यावाचून अडतं. इस्ट्रोजेनमुळे सायक्लिन डी१ वाढतं आणि ४/६ जागं होतं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं, पाल्बोसिक्लिब थेट कायनेज रोखतं. एकाच वाटेवर दोन ठिकाणी अडवणूक. पालोमा-२ चाचणीत नुसत्या लेट्रोझोलवर आजार सरासरी (मध्यक) १४.५ महिने आटोक्यात राहिला, जोडीने दिल्यावर २४.८ महिने. हा फरक मला फार मोठा वाटतो. जानेवारी २०२३ मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळू लागल्या, याचं तर मोलच करता येणार नाही.

इतर आजारांतही हेच एन्झाइम दिसतं. पी१६ हे प्रथिन सीडीके ४ ला आवरतं. काही घराण्यांत सीडीके ४ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, पी१६ ला ते धरता येत नाही आणि मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या येतो. लायपोसार्कोमा या चरबीच्या ऊतीतल्या कर्करोगाच्या काही प्रकारांत सीडीके ४ च्या जनुकाच्या भरमसाट प्रती असतात. उलट ज्या गाठीत आरबीच उरलेलं नाही, तिथे ही औषधं निरुपयोगी, कारण लावून ठेवायला ब्रेकच नाही. औषध चालेनासं होण्याचं हे एक कारण असतं. सीडीके ६ बेसुमार वाढणं किंवा सायक्लिन ई आणि सीडीके २ ने काम हाती घेणं ही दुसरी.

याचाच फार हुशारीने केलेला उपयोग म्हणजे ट्रायलासिक्लिब, हेही सीडीके ४/६ रोखणारं औषध. स्मॉल सेल प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात आरबी जवळजवळ नेहमीच गेलेलं असतं. केमोआधी हे औषध दिलं की मज्जेतल्या पेशी काही काळ थांबतात आणि विभागणाऱ्या पेशींवर होणारा केमोचा मारा चुकवतात. गाठ थांबत नाही, त्यामुळे ती माऱ्यात सापडते. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

मावशींच्या मज्जेतही तेच घडतंय: पेशी थांबल्यात. केमोमध्ये त्या मोठ्या प्रमाणावर मरतात. इथे औषध उतरलं की लवकर पुन्हा कामाला लागतात. २१ दिवस गोळी आणि ७ दिवस सुट्टी यासाठीच असते. म्हणून आकडा खाली दिसला तरी तापासह गंभीर संसर्ग या औषधावर क्वचित होतो. डोस लांबवल्याने किंवा कमी केल्याने फायदा घटत नाही, असं चाचण्यांच्या विश्लेषणात दिसलंय. त्यामुळे हा आठवडा वाया गेला असं मानू नका.

रिपोर्टमध्ये नुसती एकूण संख्या बघू नका. २,४०० पैकी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३८ टक्के असतील तर ९१२ होतात. डॉक्टर साधारणपणे १,००० च्या वर गेल्याशिवाय पुढचा कोर्स सुरू करत नाहीत, तेव्हा तुमच्याकडच्या टक्केवारीने हा हिशेब करून बघा. ग्रेपफ्रूट चालत नाही, औषधाची रक्तातली पातळी वाढते. गणपतीत घरी येणारं पपनस त्याचंच भाऊबंद, तेही टाळलेलं बरं. कुठलंही चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. आणि ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर सकाळची वाट न बघता, रात्री का असेना, डॉक्टरांना फोन करा.