फॉस्टरची मुदत संपली, फॉर्म भरलाच नाही, आणि आता संस्था कुत्री परत मागतेय

पुण्यातल्या एका ताईंचा मेल आलाय. थोडक्यात असा की गेल्या जुलैमध्ये एका रेस्क्यू संस्थेकडून दोन महिन्यांचं मादी पिल्लू तीस दिवसांसाठी फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, घेतलं, नाव जिलबी. महिना संपायला आला तेव्हा घरात कुणालाच सोडवेना म्हणून संस्थेच्या व्हॉलंटियरला व्हॉट्सअॅप केलं की आम्हीच ठेवतो, तिकडून उत्तर आलं, "मग तुमचीच ती आता, अडॉप्शनचा फॉर्म पाठवते." फॉर्मची लिंक आली, गणपतीच्या गडबडीत राहून गेली, नंतर दोन रिमाइंडर आले तेही राहून गेले. आता मार्चमध्ये मेसेज आलाय: फॉर्म नाही, नसबंदी नाही, आम्हाला दुसरं घर मिळालंय, रविवारी संध्याकाळपर्यंत आणून द्या नाहीतर पोलिसात जाऊ. ताई विचारतात की इतके महिने सांभाळलं, पार्वोसारख्या जीवघेण्या आजारातून वाचवलं, १८,४०० रुपयांचं बिल भरलं, तर ती आमचीच झाली ना, आणि तोपर्यंत तिला बहिणीकडे साताऱ्याला ठेवू का.

ताई, साताऱ्याला अजिबात पाठवू नका. आज या घडीला पोलीस बहुतेक तुम्हाला आणि संस्थेला दोघांनाही सांगतील की हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. विश्वासघाताचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता कलम ३१६) लागायला अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि उघडपणे, त्याच पत्त्यावर, संस्थेला फोटो पाठवत कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचा असा हेतू दाखवणं अवघड आहे. पण कुत्री लपवलीत, फोन उचलणं बंद केलंत, की तो हेतू तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांना देताय. जिलबी घरातच राहू दे आणि ती घरातच आहे हे त्यांना लेखी कळवा.

आता मुख्य मुद्दा. असे मेल मला सारखे येतात आणि सगळ्यांत एकच गोष्ट असते, आम्ही इतकं केलं म्हणजे मालकी आमची. तसं होत नाही. कायद्यासाठी कुत्रा अजूनही जंगम मालमत्ता आहे, मुलाच्या कस्टडीसारखं त्याचं काही नाही, आणि फॉस्टर म्हणजे दुसऱ्याची वस्तू ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीसाठी सांभाळायला घेणं. त्याला निक्षेप म्हणतात, वकील लोक बेलमेंट म्हणतात, भारतीय करार कायदा १८७२, कलम १४८ पासून पुढे. त्यातलं कलम १६० वाचा. मुदत संपली की वस्तू परत करायची, आणि मालकाने मागितली नाही तरीही करायची. त्यामुळे "इतके महिने त्यांनी मागितलीच नाही" हे तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य एकटं कोर्टात टिकत नाही. जुलैमध्ये भरलेल्या तुमच्या फॉस्टर फॉर्मचं कलम ७ पण तेच सांगतं, की दत्तक अर्ज भरून मिळेपर्यंत आणि संस्था तो मंजूर करेपर्यंत मालकी संस्थेची. सही तुमची आहे. फॉस्टर फॉर्मला स्टॅम्प नव्हता हा मुद्दा कोणीतरी तुमच्या डोक्यात घातलेला दिसतोय, तो सोडून द्या, त्याने करार रद्द होत नाही.

म्हणजे सगळं अडलंय ते त्या न भरलेल्या अर्जावर. मला खरंच राग येतो ताई, दहा मिनिटांचं काम होतं आणि त्या लोकांनी दोनदा आठवण करून दिली होती. पण गंमत म्हणून नाही, अगदी गांभीर्याने सांगतो, ज्या रिमाइंडरची तुम्हाला लाज वाटतेय आणि जे तुम्ही मला स्क्रीनशॉट पाठवताना कापून टाकलेत (वर अर्धी ओळ दिसतेय म्हणून कळलं), तेच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहेत. नोव्हेंबरमधल्या मेसेजमध्ये लिहिलंय, "जिलबी तुमच्याकडे कायमची राहणार असेल तर हा फॉर्म लागेल." याचा अर्थ नोव्हेंबरपर्यंत तरी संस्था तुम्हाला फॉस्टर म्हणून नाही, होणारे पालक म्हणून बघत होती आणि तिचा प्रस्ताव उघडा होता. करार कायद्यात प्रस्ताव मागे घेतल्याचं कळवलं की तो संपतो, किंवा वाजवी वेळ गेली की संपतो (कलम ६). तुम्ही गेल्या आठवड्यापर्यंत कधीही फॉर्म भरून पाठवला असतात तर मी आज तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं असतं की काळजी करू नका. आता रविवारची मुदत देणाऱ्या त्या मेसेजने प्रस्ताव मागे घेतला गेला असं संस्थेचा वकील म्हणणार. आपण म्हणणार की ऑगस्टमध्येच "तुमचीच ती" म्हणून मंजुरी मिळाली होती, फॉर्म ही फक्त पूर्तता होती, आणि व्हॉलंटियरला संस्थेनेच पुढे केलं होतं त्यामुळे तिचा शब्द संस्थेला बांधतो (कलम २३७). यात दम आहे. पण जिंकालच असं मी लिहून देणार नाही, कारण फॉस्टर फॉर्मच्या कलम ७ मध्ये "भरून मिळेपर्यंत" आहे आणि तुम्ही भरला नाहीत.

म्हणून आधी ते करा जे अजून हातात आहे. लिंक उघडी असेल तर फॉर्म आज भरा, बंद असेल तर तीच माहिती संस्थेच्या अधिकृत मेलवर पाठवा, व्हॉलंटियरच्या नंबरवर नाही, संस्थेच्या मेलवर. सोबत सरळ शब्दांत लिहा की ऑगस्टमधल्या संमतीवर विसंबून आम्ही तिला घरची म्हणून वाढवली, फॉर्मला उशीर झाला ही आमची चूक, होम व्हिजिटला कधीही या, आणि नसबंदी आमच्या खर्चाने अमुक तारखेला ठरवलीय. तारीख डॉक्टरांकडून घेऊनच लिहा. संस्थेची खरी अडचण तीच आहे आणि ती रास्त आहे. दहा महिन्यांची मादी, नसबंदी नाही, फॉर्म नाही, म्हटल्यावर त्यांना वाटणार की पिल्लं काढायला ठेवलीय, असे अनुभव त्या लोकांना येतात. (उद्या पिल्लं झालीच तर ती कुणाची? करार कायद्यात कलम १६३ खाली गायीचंच उदाहरण दिलंय, सांभाळायला दिलेल्या गायीला वासरू झालं तर गायीबरोबर वासरूही परत द्यायचं.) दुसऱ्या घराला त्यांनी पक्का शब्द दिलाय की नुसती चौकशी आलीय हेही मेलमध्ये विचारा. माझ्या बघण्यात तरी अशी निम्म्याहून जास्त भांडणं या एका पत्राने मिटतात, कारण संस्थेलाही कोर्टात जायचं नसतं.

नाही मिटलं तर काय. संस्था जंगम वस्तू परत मिळण्याचा दावा टाकेल आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज. खरी लढाई त्या अर्जावरच होते. मूळ दाव्याचा निकाल लागेपर्यंत जिलबी म्हातारी होईल. कुत्र्याचं आयुष्य बारा-चौदा वर्षं आणि आपल्याकडे दिवाणी दाव्याची तारीख पे तारीख, हे गणितच अमानुष आहे, आणि त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही याचा मला वकील म्हणून संताप येतो. म्हणून तुम्ही शिवाजीनगरच्या कोर्टात जाऊन कॅव्हेट टाका, दिवाणी प्रक्रिया संहिता कलम १४८-अ. म्हणजे तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय एकतर्फी आदेश होणार नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर परत टाकावं लागतं, ही तारीख तरी विसरू नका. त्या टप्प्यावर न्यायाधीश बघतील की कुत्री कुठे नीट आहे, हलवल्याने कुणाचं भरून न येणारं नुकसान होतंय. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही मेलमध्ये जे लिहिलंत (ते इथे देत नाही) ते तिथे सांगता येतं, किती वजन पडेल ते मात्र त्या त्या कोर्टावर आहे.

पुराव्यात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तीवरच थांबलो. लसीकरणाचं पिवळं कार्ड. मालकाच्या नावापुढे संस्थेचं नाव होतं, ते डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये अँटी-रेबीजचा स्टिकर लावताना खोडून तुमचं नाव आणि मोबाईल लिहिला, आणि त्या कार्डाचा फोटो तुम्ही व्हॉलंटियरला पाठवलात, तिने त्यावर अंगठा दाखवला. हे सोनं आहे. कार्ड लॅमिनेट वगैरे करू नका, आहे तसं ठेवा. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, काहीही डिलीट न करता, आणि फोन बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. पालिकेचा कुत्र्याचा परवाना अजून काढला नाहीये तुम्ही. काढायला हवाच, पण मेसेज आल्यानंतर काढलेल्या परवान्याने मालकी सिद्ध होईल या भ्रमात राहू नका.

बिलाचं. परत द्यायची वेळ आलीच तर फुकट सांभाळणाऱ्याला आवश्यक खर्च मालकाने द्यायचा असं कलम १५८ म्हणतं, पण तुमच्या फॉस्टर फॉर्ममध्ये दवाखान्याच्या खर्चाचं वेगळं ठरलं असेल तर ते आधी. दुसऱ्या पानाचा फोटो तुम्ही पाठवलाच नाही, मग मी काय सांगणार. पैसे मिळेपर्यंत कुत्री अडवून ठेवायचा हक्क मात्र तुम्हाला आहे असं मला वाटत नाही, ते धमकीसारखं लिहू नका. धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करायची तर करा, त्याने जिलबी घरी राहत नाही.

बाकी बऱ्याच जणांनी विचारलंय की मग संस्थेच्या भानगडीत न पडता रस्त्यावरचंच पिल्लू घेतलं तर? घ्या की, पण कागद तिथेही आहे. सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की भटका कुत्रा दत्तक घेणाऱ्याने पालिकेकडे अर्ज करायचा, कुत्र्याला टॅग होणार, आणि तो परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. आणि फॉस्टर असो की दत्तक, कंटाळून सोडून दिलंत तर १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तुम्हीच मालक धरले जाता, त्यात ताबा असलेला माणूसही मालकच आहे.

ताई, रविवारी कोणी दारात आलं तर भांडू नका, दार लावूनही घेऊ नका, पाणी विचारा, मेलची प्रिंट हातात द्या आणि सांगा की लेखी उत्तर आल्यावर बोलू. चेकअपला नेतो म्हणाले तर तुम्ही बरोबर जा, पट्टा तुमच्या हातात ठेवा. कोर्टाचा आदेश दाखवला तर मात्र त्याच क्षणी पाळायचा आणि मला फोन करायचा. आणि दुसऱ्या पानाचा फोटो आज रात्री पाठवा.